तिसरीचे तारे आणि डुकराचा मुका

येत्या शुक्रवारी आपल्या नातीची भर सभेत फजिती होणार, आणि ती आपल्यामुळे होणार, हे ऑर्लिन रुस्टाडला मंगळवारी दुपारी कळलं, तेव्हा त्याच्या तोंडात कॉफीत बुडवलेलं बिस्कीट होतं. ते तिथेच राहिलं.

"आजोबा, मी पहिली आले!" सिग्नेने बर्फाचे बूट दारात भिरकावले. "सगळ्या तिसरीत! माझे तारे सगळ्यांत जास्त! आता शुक्रवारी मोठ्या पडद्यावर मी गणित सोडवणार, सगळ्यांसमोर, आणि मग स्कॉगस्टाड सर डुकराचा मुका घेणार!"

"अगं वा," ऑर्लिन म्हणाला. बिस्किटासकट जेवढं म्हणता येतं तेवढंच.

"आणि विद्यापीठातून एक बाई येणारेत. डॉक्टर आहेत, पण सुई टोचणाऱ्या नव्हेत. आमच्या वर्गाला एवढे तारे कसे मिळाले ते बघायला."

हे ऐकल्यावर बिस्कीट एकदाचं घशाखाली गेलं, तेही वाकड्या वाटेने. सिग्नेने त्याच्या पाठीत दोनचार बुक्के घातले आणि ती खायला काय आहे ते बघायला गेली.

झालं होतं ते असं. मिनेसोटातल्या व्हेस्टबी गावच्या शाळेने त्या वर्षी तिसरीसाठी 'बीव्हर बे' नावाचा गणिताचा ऑनलाइन कार्यक्रम आणला होता. प्रत्येक मुलाला एकेक टॅब. गणित बरोबर आलं की पडद्यावरचा बीव्हर, म्हणजे ओंडक्यांचं धरण बांधणारा चपट्या शेपटीचा प्राणी, धरणावर एक ओंडका ठेवतो, पाण्यावर फाडकन शेपटी आपटतो आणि एक तारा देतो. चुकलं की दोन्ही पंजांनी डोळे झाकतो. चुकलेलं गणित दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पुढ्यात येतं, ते सोडवल्याशिवाय सुटका नाही. शाळेच्या व्हरांड्यात ताऱ्यांचा तक्ता लागला. आणि मुख्याध्यापक डुएन स्कॉगस्टाड यांनी सप्टेंबरात, उत्साहाच्या भरात, सगळ्या गावासमोर जाहीर करून टाकलं, की तिसरीने तक्ता वरपर्यंत भरला तर मी डुकराचा मुका घेईन. मुख्याध्यापक असं काहीतरी बोलतातच. कोणी केस हिरवे करतो, कोणी शाळेच्या छपरावर झोपतो. तक्ता काही भरत नाही, अशी त्यांची खात्री होती. जिल्ह्यातल्या इतर शाळांचे तक्ते मुंगीच्या पावलांनी चालले होते. व्हेस्टबीचा तक्ता मात्र डिसेंबरनंतर जो उधळला, तो थांबेचना. तेव्हापासून स्कॉगस्टाड सर डुकराच्या गोष्टी निघाल्या की विषय बदलत.

सिग्नेची आई वृद्धाश्रमात नर्स. शाळा सुटली की पोर आजोबांकडे. जूनमध्ये आजी गेली तेव्हापासून त्या घरात दुपारी आवाज असायचा तो एकट्या फ्रीजचा, आणि तीननंतर सिग्नेचा. नोव्हेंबरात सिग्ने आठवडाभर तापाने झोपून राहिली. ऑर्लिनने टॅब उघडून पाहिला तर तिचं नाव घसरत घसरत तळाशी आलेलं. आता व्हेस्टबीत शेजारी आजारी पडला तर त्याच्या दारातला बर्फ आपण उपसायचा, आणि नंतर भेटला की हवापाण्याबद्दल बोलायचं, बर्फाबद्दल नाही. केलेली मदत बोलून दाखवणारा माणूस या गावात चर्चमध्ये मोठ्याने गाणाऱ्याइतकाच आगाऊ समजतात. ऑर्लिनने विचार केला, पोरीच्या पुढ्यात साचलेलं जरा बाजूला करावं. चार गणितं करावीत, कोणाला सांगू नये, संपलं.

ते संपलं नाही. ऑर्लिन सत्तरीचा माणूस, जन्म धान्याच्या गोदामावर गेलेला. शाळेत अपूर्णांक आले तेव्हा त्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती आणि अपूर्णांकांनीही त्याची कधी चौकशी केली नव्हती. पण बीव्हरने पहिल्यांदा शेपटी आपटली आणि ऑर्लिन मोठ्याने हसला. एकटाच, स्वयंपाकघरात. आपलाच आवाज ऐकून दचकला. मग दुसरं गणित केलं, पुन्हा शेपटी, पुन्हा हसू. सिग्ने बरी झाली, शाळेत जाऊ लागली, पण रोज दुपारी ती मागच्या अंगणात घसरगुंडी करायला पळाली की ऑर्लिनचा हात आपोआप टॅबकडे जाई. बेरीज झाली, गुणाकार झाला, भागाकार झाला. मग बीव्हर अपूर्णांकांच्या तळ्यात शिरला आणि त्याच्या मागोमाग ऑर्लिनही, गळ्यापर्यंत.

त्यामुळे तारे सिग्नेचे नव्हते. निदान ऑर्लिनला तसं वाटत होतं. आणि आता शुक्रवारी त्या पोरीला अख्ख्या गावासमोर, विद्यापीठाच्या बाईसमोर, मोठ्या पडद्यावरचं गणित सोडवायचं होतं, आणि टॅबवर आजोबा नसणार होते. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. गणितातली हुशार म्हणून पोर व्यासपीठावर चढणार आणि रडत खाली उतरणार. जन्मभर गणिताचं नाव काढणार नाही, आणि कदाचित आजोबांचंही.

"सिग्ने," त्या संध्याकाळी तो चाचपडत म्हणाला, "आपण जरा अपूर्णांकांचा सराव करूया का गं? गंमत म्हणून?"

"नको," सिग्ने म्हणाली. "येतात मला."

"सगळे?"

"आजोबा, ताटातला हॉटडिश गार होतोय."

बिचारी, ऑर्लिनला वाटलं. आपल्याला काय येत नाही तेही बिचारीला माहीत नाही.

बुधवारी त्याने हिमवादळासाठी प्रार्थना केली. मार्चमध्ये मिनेसोटात हिमवादळ मागणं म्हणजे फार मोठी मागणी नव्हे. न मागता किती येतात. शाळा बंद राहिली असती, विद्यापीठाची बाई परत गेली असती. पण देवाने त्या दिवशी असं लख्ख ऊन पाडलं की छपरावरून पागोळ्या लागल्या आणि लोक कोट उघडे टाकून फिरू लागले. "छान हवा आहे नाही?" जो तो ऑर्लिनला विचारत होता. "वाईट नाही," ऑर्लिन दात आवळून म्हणाला.

मग तो कॅफेत गेला. तिथे नेहमीची मंडळी होती: डुक्करपालन करणारा लोवेल, ज्याची प्रिन्सेस नावाची डुकरीण शुक्रवारच्या समारंभाला जाणार होती तोच, आणि आयोन, जिचा नातू कार्टर सिग्नेच्याच वर्गात. आयोनने घरून रुबार्बच्या आंबट देठांचा गोल 'पाय' भाजून आणला होता.

"सहा तुकडे करते," ती सुरी फिरवत म्हणाली. "म्हणजे लोवेल, तुला एक तृतीयांश हवा असेल तर दोन घे."

"मला अर्धा हवाय," लोवेल म्हणाला. "म्हणजे तीन षष्ठांश."

"मग मला दोन, उरला एक," आयोन म्हणाली आणि एकदम गप्प झाली. दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"पागोळ्या लागल्यात," लोवेल म्हणाला.

"लागल्यात खऱ्या," आयोन म्हणाली.

एरवी ऑर्लिनच्या कानांनी हे टिपलं असतं. गेली चाळीस वर्षं आयोन 'पाय'चे तुकडे करत होती, पण षष्ठांश हा शब्द त्या टेबलावर कधी आला नव्हता. पण त्याच्या डोक्यात शुक्रवार घुमत होता. त्याने उरलेला तुकडा मुकाट्याने खाल्ला.

गुरुवारी त्याने मन घट्ट केलं आणि शाळेत जाऊन वर्गशिक्षिका ब्रेक्केबाईंना गाठलं. सगळं सांगून टाकायचं असं त्याने ठरवलं होतं. आधी हवेवर बोलणं झालं. मग रस्त्यावरच्या चिखलावर. मग चर्च गरम ठेवणाऱ्या नव्या भट्टीवर. ऑर्लिनने टोपी हातात तीनदा फिरवली.

"सिग्नेचं कसं काय चाललंय?" तो शेवटी म्हणाला. "म्हणजे, कागदावरच्या परीक्षांत?"

"वाईट नाही," ब्रेक्केबाई म्हणाल्या.

व्हेस्टबीत याहून मोठं कौतुक कोणी कोणाचं करत नाही. ऑलिम्पिकचं पदक घेऊन आलात तरी स्टेशनवर "वाईट नाही" एवढंच ऐकायला मिळेल. पण खाई त्याला खवखवे. ऑर्लिनला त्यात फक्त 'वाईट' ऐकू आलं. तो "बरं मग" म्हणाला, टोपी डोक्यावर घातली आणि काही न सांगता घरी आला.

शुक्रवारी शाळेच्या जिममध्ये उभं राहायला जागा नव्हती. घडीच्या खुर्च्या, मोठ्या किटलीतली कॉफी, टेबलभर लेमन बारच्या वड्या. लोवेलची प्रिन्सेस गुलाबी झालर घालून एका कोपऱ्यात वाळल्या गवतावर बसली होती आणि सगळ्यांत शांत तीच होती. स्कॉगस्टाड सर ओठांना पुन्हा पुन्हा मलम लावत होते. तिसरीची पोरं खुर्च्यांवर बसण्याऐवजी खुर्च्यांवर उकळत होती. आणि पहिल्या रांगेत विद्यापीठाच्या डॉ. माय वांग, मांडीवर टॅब, चेहऱ्यावर इतका आनंद की ऑर्लिनला बघवेना.

"अशा कार्यक्रमांनी मुलांची प्रगती थोडीशी होते, कधीकधी होतच नाही," त्या माइकवर म्हणाल्या. "मी बरीच वर्षं हेच मोजते आहे. पण व्हेस्टबीच्या तिसरीची प्रगती पाहून मला वाटलं माझंच यंत्र बिघडलं! इथे काहीतरी वेगळं घडतंय."

सभागृहातल्या साठीपुढच्या सगळ्यांनी एकदम बुटांकडे पाहिलं. ऑर्लिनने तेही पाहिलं नाही, कारण तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

सिग्ने व्यासपीठावर गेली. पडद्यावर बीव्हर आला आणि गणित आलं: बीव्हरने ओंडक्याचा अर्धा भाग सकाळी कुरतडला, एक तृतीयांश संध्याकाळी. एकूण किती?

ऑर्लिन खुर्चीत पुढे सरकला. हे गणित तो ओळखत होता. याच गणिताने त्याला जानेवारीत लोळवलं होतं. अंशात अंश मिळवायचा, छेदात छेद, दोन पंचमांश, सरळ आहे की. आणि बीव्हरने डोळे झाकले होते. पुन्हा दोन पंचमांश, पुन्हा डोळे. त्या दिवशी त्याने टॅब ब्रेडच्या डब्यात ठेवून दिला होता.

सिग्ने गणिताकडे पाहत राहिली. वेणीचं टोक तोंडात घातलं. तिने एकदा मान तिरकी केली, एकदा सरळ केली. ऑर्लिनला वाटलं, आता हिचे डोळे भरणार. आणि मग व्हेस्टबीत बहुधा पहिल्यांदाच एक रुस्टाड सभेत न बोलावता उभा राहिला.

"थांबा," तो म्हणाला. "तिचा दोष नाही. तारे तिचे नाहीत. मी केलेत. नोव्हेंबरपासून. ती आजारी होती, म्हणून मी थोडं... आणि मग थांबता आलं नाही. तिला काही विचारू नका. मला विचारा."

किटलीतली कॉफी तेवढी खदखदत राहिली. लोक इतके संकोचले की कोणाकडे बघावं तेच कोणाला कळेना. शेवटी सगळ्यांनी प्रिन्सेसकडे पाहिलं.

"बरं," मागच्या रांगेतून आयोनचा आवाज आला. ती उभी राहिली होती आणि पर्स छातीशी घट्ट धरली होती. "आता निघालंच आहे तर... कार्टरचे मी केलेत."

"उफ्फ डा," कोणीतरी चकित होऊन म्हणालं.

"तसं म्हटलं तर," लोवेल डुकरापाशी उभा राहून म्हणाला, "माझ्या जुळ्या नातवंडांचे माझ्याकडे होते. दोघांचे. फार नाही. रोज थोडे."

मग एक उठला, मग दोन, मग अख्खी रांग. चर्चचे पास्टर उठले. पोस्टातली विल्मा उठली. तिला नातवंडं नव्हती, ती भाचीच्या मुलाचे करत होती. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच, आणि प्रत्येकजण चार महिने मूग गिळून बसला होता. स्वतःच्या बायकोकडे बघून एक म्हातारा म्हणाला, "तू पण? मग मी कोणासाठी करत होतो?" तिसरीची पोरं आधी आ वासून बघत राहिली आणि मग अशी किंचाळली, अशी खिदळली, की प्रिन्सेसही उठून उभी राहिली. डॉ. वांग यांनी तोंडावर हात ठेवला होता. आधी वाटलं त्या रडताहेत. पण त्या हसत होत्या, खांदे हलत होते, आणि एका हाताने भराभर लिहीत होत्या.

"आजोबा!"

माइकवरून आलेल्या त्या हाकेने जिम गप्प झालं. सिग्ने कमरेवर हात ठेवून उभी होती, गाल लाल झालेले.

"खाली बस ना! मला विचार तरी करू देशील का? मी मनात सहा भाग करत होते आणि तू मधेच!"

ऑर्लिन खाली बसला. सिग्ने पडद्याकडे वळली. अर्ध्याखाली तिने तीन षष्ठांश लिहिले, तृतीयांशाखाली दोन षष्ठांश, आणि पुढे पाच षष्ठांश. बीव्हरने ओंडका ठेवला आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर एवढी मोठी शेपटी आपटली की पहिल्या रांगेतल्यांनी अंग चोरलं.

डॉ. वांग व्यासपीठाशी गेल्या. "तुला हे कोणी शिकवलं?"

"आजोबाने," सिग्ने म्हणाली. "म्हणजे त्याच्या चुकांनी. तो चुकला की ते गणित सकाळी शाळेत माझ्या पुढ्यात यायचं ना. मग तो कसा चुकला ते शोधावं लागायचं. तो छेद पण मिळवायचा." ती जरा थांबली. "नेहमी."

जिममध्ये हशा उसळला. ऑर्लिनच्या कानांच्या पाळ्या टोमॅटोसारख्या झाल्या.

"मग तुला माहीत होतं की तो तुझी गणितं करतो?"

"नोव्हेंबरपासून."

"आणि तू काहीच बोलली नाहीस?"

सिग्नेने त्यांच्याकडे, बाहेरगावच्या माणसाकडे बघावं तसं, जरा समजून घेत पाहिलं. "असं बोलायचं नसतं," ती म्हणाली. आणि मग माइक समोर आहे हे विसरून म्हणाली, "आजी गेल्यावर आजोबा हसायचाच नाही. बीव्हरने शेपटी आपटली की हसायचा. मला मागच्या अंगणात ऐकू यायचं. म्हणून मी रोज दोन सोपी गणितं त्याच्यासाठी ठेवून द्यायचे."

ऑर्लिनने टोपी डोळ्यांवर ओढली. आयोनने शेजारून त्याच्या हातात कागदी रुमाल कोंबला आणि ती खिडकीकडे बघत राहिली. या गावात एवढं पुरतं.

"आणि तू रे?" डॉ. वांग यांनी आशेने कार्टरला विचारलं. "तू पण आजीच्या चुकांवरून शिकलास का?"

"नाही," कार्टर म्हणाला. "मी टीव्ही बघायचो."

"चुकलेली गणितं?"

"ती माझ्या दुसऱ्या आजीने केली."

डॉ. वांग यांनी तेही लिहून घेतलं. इथे स्कॉगस्टाड सरांना सुटकेची फट दिसली. "म्हणजे," ते घसा खाकरून म्हणाले, "तारे मुलांनी मिळवलेले नसतील तर, नियमाप्रमाणे, डुकराचा प्रश्नच..."

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. तिसरीने छप्पर डोक्यावर घेतलं. शेवटी ब्रेक्केबाईंनी शिट्टी वाजवली आणि मतदान घेतलं. निकाल असा लागला: तक्ता भरला आहे, त्यामुळे सर मुका घेणार. आणि ज्या ज्या मोठ्या माणसाने तो भरायला हात लावला, त्याने सरांच्या मागे रांगेत उभं राहायचं.

रांग जिमच्या दारापर्यंत गेली. सरांनी डोळे मिटून घेतला आणि लगेच कॉफी प्यायले. पास्टरांनी कपाळावर घेतला. आयोनने आधी ओठांची लाली पुसली, मग घेतला, आणि "यापेक्षा वाईट मुके घेतलेत मी" म्हणाली, त्यावर तिचा नवरा दोन दिवस विचार करत होता. ऑर्लिनची पाळी आली तेव्हा प्रिन्सेसने आपण होऊनच त्याचं नाक चाटलं. सिग्ने जमिनीवर लोळून हसत होती.

दुपारी घरी आल्यावर तिने घसरगुंडीकडे बघितलंही नाही. स्वयंपाकघरात टेबलाशी दुसरी खुर्ची ओढली आणि टॅब मधोमध ठेवला.

"बस," ती म्हणाली. "आता समोर बसून कर. छेद वेगळे असले की आधी काय करायचं?"

"सिग्ने, अगं मी आता..."

"आधी काय करायचं?"

"सारखे करायचे," ऑर्लिन पुटपुटला.

"कर मग."

गणित होतं एक चतुर्थांश आणि एक तृतीयांश. ऑर्लिनने जीभ गालात खुपसली, बारा भाग मनात मांडले, दोनदा खोडले, तीन धरले, चार धरले. बोटाने सात द्वादशांश दाबलं आणि श्वास रोखला. बीव्हरने ओंडका ठेवला. शेपटी आपटली. ऑर्लिन खो खो हसला, टेबलावर हात मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"पाहिलंस का?" तो म्हणाला. "पाहिलंस काय आपटली ती?"

सिग्नेने पाहिलं नव्हतं. ती सगळा वेळ त्याच्याच तोंडाकडे बघत बसली होती.

"वाईट नाही," ती म्हणाली. "दुसरं लाव."